गोल्फच्या शॉर्ट गेमसाठी आपला हक्काचा वेज कसा निवडावा

गोल्फच्या बॅगेतला जो वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांसाठीचा तिरक्या तोंडाचा क्लब, तुम्ही ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीच्या, आसपास सर्वांत जास्त वापरता, तो बाहेर काढा, उलटा धरा आणि त्याच्या तळाकडे, म्हणजे सोलकडे, उजेडात नीट पाहा. तिथे घासल्याच्या खुणा असतातच. पाहायचे ते इतकेच की त्या नेमक्या कुठे आहेत. फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, खालच्या धारेला लागून असलेली पट्टी घासली गेली असेल तर तुमचा क्लब जमिनीत टोचून शिरतो आहे. मागच्या कडेजवळचा भाग चकचकीत झाला असेल तर तो जमिनीवरून घसरत जातो आहे. टाचेकडे (शाफ्टकडची, म्हणजे दांड्याकडची बाजू) किंवा टोकाकडेच (तिच्या विरुद्ध बाजू) खुणा दाटल्या असतील तर क्लब जमिनीवर सपाट बसतच नाही. वेज विकत घेताना बहुतेक खेळाडू क्लबवर कोरलेला ५६ किंवा ६० हा लॉफ्टचा, म्हणजे फेस किती अंश मागे झुकलेला आहे याचा, आकडा पाहतात आणि तेवढ्यावर निर्णय घेऊन मोकळे होतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ग्रीनपासून चाळीसेक यार्डांच्या आत फटका फसतो तो बहुतेक वेळा क्लब जमिनीशी कसा वागला यामुळे, लॉफ्ट दोन अंशांनी कमी किंवा जास्त होता यामुळे नव्हे. म्हणून वेजची निवड तळापासून सुरू करावी.

'हक्काचा' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. ग्रीन हुकल्यावर, मनावर थोडे दडपण असताना, ज्या क्लबकडे हात आपोआप जातो आणि ज्याने चेंडू कुठे टेकेल याचा अंदाज डोळ्यांसमोर आधीच उभा राहतो, तो हक्काचा वेज. असा क्लब एकच असावा. बॅगेत चार वेज असले तरी त्यांतल्या एकाशी घट्ट ओळख असणे हे चौघांशी तोंडओळख असण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे ठरते. तो सर्वांत जास्त लॉफ्टचाच असला पाहिजे असेही नाही. १९८२ च्या यूएस ओपनमध्ये पेबल बीचच्या १७ व्या होलवर टॉम वॉटसनने ग्रीनशेजारच्या दाट गवतातून चेंडू थेट होलमध्ये घातला तो सँड वेजने, म्हणजे वाळूतून मारण्यासाठीच्या साधारण ५६ अंशांच्या वेजने, आणि १९८७ च्या मास्टर्समध्ये ऑगस्टाच्या ११ व्या होलवर लॅरी माईझने सुमारे १४० फुटांवरून चिप, म्हणजे बेताच्या उंचीचा छोटा फटका, होलमध्ये घालून ग्रेग नॉर्मनला बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये हरवले तेही सँड वेजनेच.

पहिली पायरी : आपल्या चुकांची नोंद

दुकानात किंवा क्लब मापाने जुळवून देणाऱ्या फिटरकडे जाण्याआधी चार-पाच फेऱ्यांची एक साधी नोंद ठेवावी. ग्रीनपासून ५० यार्डांच्या आतला प्रत्येक फटका कोणत्या जागेवरून मारला, म्हणजे फेअरवेवरील बारीक कापलेल्या गवतातून, वाढलेल्या गवतातून म्हणजे रफमधून, उघड्या मातीवरून की वाळूच्या खड्ड्यातून म्हणजे बंकरमधून, आणि तो फसला असेल तर कसा फसला, एवढे दोन शब्दांत लिहिले तरी पुरते. फसण्याचे मुख्य प्रकार दोनच असतात. क्लब चेंडूच्या आधी जमिनीत रुतला की फॅट फटका होतो आणि चेंडू अर्ध्या वाटेत बसतो. क्लबची खालची धार चेंडूच्या मध्यावर आपटली की थिन फटका होतो आणि चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडे जातो.

ही नोंद वाचताना एक फसवी गोष्ट लक्षात ठेवावी. थिन फटके सतत होत असतील तर सोल फार जाड आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो, पण पुष्कळदा खरे कारण उलटे असते : आधी दोन-चार फॅट फटके बसलेले असतात, क्लब रुतण्याची भीती मनात बसलेली असते, आणि त्या भीतीने खेळाडू शेवटच्या क्षणी हात वर ओढून घेतो. अशा खेळाडूला पातळ सोलचा वेज दिला तर भीती वाढते, कमी होत नाही. म्हणून थिन फटका लिहिताना त्याच्या आधीचा फटका कसा होता, हेही शेजारी लिहावे.

दुसरी पायरी : पिचिंग वेजपासून मोजणी

आयर्नच्या, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबांच्या, संचाबरोबर आलेल्या पिचिंग वेजचा, म्हणजे सर्वांत कमी लॉफ्टच्या वेजचा, लॉफ्ट किती आहे हे आधी माहीत असायला हवे, कारण बाकीचे वेज त्याच्यापासून पुढे मोजायचे असतात. जुन्या संचांमध्ये हा लॉफ्ट ४८ अंशांच्या आसपास असे. अलीकडच्या, लांब अंतरासाठी बनवलेल्या संचांमध्ये तो ४३ किंवा ४४ अंशांपर्यंत उतरलेला आढळतो. पिचिंग वेज ४४ अंशांचा आणि त्यानंतरचा क्लब थेट ५६ अंशांचा असेल, तर मध्ये १२ अंशांची दरी पडते आणि पूर्ण स्विंगच्या अंतरात असा मोठा पट्टा तयार होतो, जिथे दोन्हींपैकी कोणताच क्लब चालत नाही. चार ते सहा अंशांचे टप्पे ठेवावेत असा जो सर्वसाधारण संकेत आहे तो याच कारणाने. पिचिंग वेज ४५ चा असेल तर ५० आणि ५५, किंवा ५०, ५४ आणि ५८ अशी मांडणी करता येते. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब ठेवता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक जादा वेज म्हणजे वरच्या टोकाला लांब अंतराचा एक क्लब, म्हणजे हायब्रिड किंवा फेअरवे वूड, कमी, हा हिशेब आपापला करावा.

या मोजणीतून हक्काचा वेज कुठे पडतो? बहुतेक हौशी खेळाडूंसाठी तो ५४ ते ५६ अंशांच्या दरम्यान असावा असे माझे स्पष्ट मत आहे. हा लॉफ्ट बंकरमधून चेंडू सहज बाहेर काढतो, हात थोडे पुढे ठेवले तर बेताचा, खाली धावणारा चिप देतो आणि फेस उघडला, म्हणजे आकाशाकडे फिरवला, तर उंच पिचही देतो. ६० अंशांच्या लॉब वेजने चेंडू त्याच अंतरावर न्यायचा तर स्विंग मोठा आणि वेगवान लागतो, आणि मोठ्या स्विंगमध्ये चुकीला जागाही मोठी मिळते. व्यावसायिक स्पर्धांमध्ये ६० अंशांचा वेज १९८० च्या दशकात टॉम काइटसारख्या खेळाडूंमुळे रुळला. रोज तासन्‌तास सराव करणाऱ्यांच्या हातात तो चांगलाच शोभतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने तो जरूर बाळगावा, पण पाहुणा म्हणून.

तिसरी पायरी : बाउन्स समजून घेणे

इथे थोडे थांबावे लागेल, कारण वेजच्या निवडीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजलेला भाग हाच आहे. शाफ्ट सरळ उभा ठेवून क्लब जमिनीवर टेकवला तर फेसची खालची धार, म्हणजे लीडिंग एज, जमिनीपासून किंचित वर राहते आणि सोलचा मधला किंवा मागचा भाग जमिनीला टेकतो. धारेपासून त्या टेकणाऱ्या भागापर्यंतचा उतार जमिनीशी जो कोन करतो, तो बाउन्स. हा कोन नसेल तर क्लब नांगराच्या फाळासारखा मातीत घुसतो. कोन पुरेसा असेल तर तोच क्लब होडीच्या तळासारखा वरून सरकत जातो.

ही कल्पना क्लबमध्ये रुजवण्याचे श्रेय मुख्यतः जीन साराझेन या अमेरिकी खेळाडूला दिले जाते. विमान वर उचलताना त्याच्या शेपटीकडचा भाग खाली झुकतो हे पाहून, क्लबची मागची कड धारेपेक्षा खाली आणली तर तो वाळूत रुतण्याऐवजी वर उचलला जाईल, असे त्याला सुचले. त्याने निब्लिक नावाच्या जुन्या क्लबच्या तळाला शिसे डाखून वजन वाढवले, घासून कोन जुळवला आणि १९३२ मध्ये प्रिन्सेसच्या मैदानावर ओपन चॅम्पियनशिप जिंकली. त्याआधी बंकरमधून निघायचे म्हणजे पातळ धारेच्या क्लबने वाळू आणि चेंडू यांच्यामधली नेमकी रेघ गाठायची, अशी कसरत असे. बाउन्समुळे चेंडूच्या मागे एक-दोन इंचांवर वाळूत उतरले तरी चालू लागले. चुकीला माफी देणे हे बाउन्सचे काम पहिल्या दिवसापासून आहे, आणि तरीही अनेक जण तो अडथळा समजून कमीत कमी मागतात.

ढोबळ मानाने ४ ते ६ अंश हा कमी बाउन्स, ७ ते १० मध्यम आणि त्याहून वरचा जास्त असे मानले जाते. मऊ, ओलसर जमीन, भुसभुशीत खोल वाळू आणि तीव्र कोनातून खाली येणारा, मोठे डिव्हट, म्हणजे गवत-मातीचे तुकडे, काढणारा स्विंग असेल तर जास्त बाउन्स हवा. कडक, कोरडी जमीन, घट्ट बसलेली किंवा पातळ वाळू आणि गवत झाडत जाणारा उथळ स्विंग असेल तर कमी बाउन्स सोयीचा पडतो. जमीन आणि स्विंग परस्परविरुद्ध दिशेला ओढत असतील, उदाहरणार्थ जमीन कडक पण स्विंग तीव्र, तर मी स्विंगच्या बाजूने कौल देईन. जमीन ऋतूबरोबर बदलते, स्विंग सहसा बदलत नाही.

कोरलेला आकडा हा फक्त आरंभबिंदू असतो, हे मात्र विसरू नये. चेंडूला क्लब लागताना हात पुढे गेलेले असतील आणि शाफ्ट लक्ष्याकडे ५ अंश झुकलेला असेल, तर ५६ अंश लॉफ्ट आणि १० अंश बाउन्सचा वेज त्या क्षणी प्रत्यक्षात ५१ अंश लॉफ्टचा आणि ५ अंश बाउन्सचा होतो. उलट फेस उघडला की लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही वाढतात. म्हणजे चिप करताना हात खूप पुढे दाबण्याची सवय असलेला खेळाडू कमी बाउन्सचा वेज घेतो, तेव्हा त्याच्या हातात प्रत्यक्षात बाउन्स उरतच नाही. मी हे पुस्तकी ज्ञान सांगत नाही. ६० अंशांचा, ४ अंश बाउन्सचा एक देखणा वेज मी केवळ त्याच्या पातळ, सुबक आकारावर भाळून घेतला होता, आणि पावसानंतरच्या पहिल्याच फेरीत ग्रीनपासून पंधरा पावलांवरच्या साध्या चिपला त्याने चेंडूच्या मागे तळहाताएवढी माती उकरली. चेंडू जेमतेम दोन हात पुढे सरकला. हात पुढे दाबण्याची माझी सवय मला त्याआधी वर्षानुवर्षे माहीत होती, फक्त ती आणि बाउन्सचा आकडा यांचा संबंध मी जोडलेला नव्हता.

क्लब वाकवून लॉफ्ट बदलून घेतानाही हाच हिशेब चालतो. ५६ अंश लॉफ्ट आणि १२ अंश बाउन्सचा वेज वाकवून ५४ अंशांचा केला तर बाउन्स १० वर येतो, आणि ५८ चा केला तर १४ वर जातो. टप्पे जुळवण्यासाठी लॉफ्ट वाकवून घेणे ही चांगली सोय आहे, पण दोन अंशांच्या पलीकडे जाण्यापेक्षा दुसरा क्लब पाहावा.

चौथी पायरी : सोलची रुंदी आणि ग्राइंड

बाउन्सचा कोन सारखाच असलेले दोन वेज जमिनीवर अगदी वेगळे वागू शकतात, कारण रुंद सोल त्याच कोनात जास्त आधार देतो आणि अरुंद सोल कमी. सोलच्या मागच्या कडेचा, टाचेचा किंवा टोकाचा भाग घासून कमी केला की त्याला ग्राइंड म्हणतात. टाच घासलेली असेल तर फेस उघडल्यावरही लीडिंग एज जमिनीलगत राहते आणि चेंडूखाली सरकू शकते. टाच भरीव असेल तर फेस उघडताच क्लब टाचेवर चढून बसतो आणि धार वर उचलली जाते. बॉब व्होकी आणि रॉजर क्लीव्हलँड या कारागिरांची नावे वेजच्या संदर्भात आदराने घेतली जातात ती मुख्यतः या घासकामाच्या जाणकारीसाठी.

इथे स्वतःला एकच प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : मी फेस खरोखर किती वेळा उघडतो? दहांतले आठ-नऊ फटके चौकोनी, म्हणजे सरळ लक्ष्याकडे धरलेल्या, फेसने मारणाऱ्याला भरीव, पूर्ण सोल हवा, कारण घासून काढलेला प्रत्येक भाग म्हणजे त्याच्यासाठी कमी झालेला आधार. फेस उघडून, मिटून, हात खाली-वर करून खेळण्याची ज्याला आवड आणि सवय आहे, त्याने टाच आणि मागची कड घासलेला ग्राइंड घ्यावा. कंपन्या ग्राइंडना अक्षरे किंवा नावे देतात आणि एका कंपनीचे अक्षर दुसरीकडे लागू पडत नाही, त्यामुळे अक्षरे पाठ करण्याऐवजी क्लब जमिनीवर ठेवून फेस उघडावा आणि खालची धार किती वर उचलली जाते ते वाकून पाहावे. ही अर्ध्या मिनिटाची तपासणी माहितीपत्रकातल्या पानभर मजकुरापेक्षा जास्त सांगते.

ग्रूव्ह, आणि चेंडूची फिरकी

फेसवरच्या आडव्या खाचा, म्हणजे ग्रूव्ह, चेंडूला पकडून फिरवतात, हा समज अर्धाच खरा आहे. कोरड्या, स्वच्छ जागेवरून फिरकी देण्याचे काम मुख्यतः फेसचा खरखरीतपणा आणि चेंडूचे मऊ आवरण करतात. खाचांचे खरे काम गाडीच्या टायरवरच्या नक्षीसारखे असते : फेस आणि चेंडू यांच्यामध्ये सापडलेले पाणी आणि गवताचा रस बाजूला सारून दोघांचा स्पर्श होऊ देणे. म्हणून जुना, झिजलेला वेज कोरड्या फेअरवेवरून ठीक चालतो आणि सकाळच्या दवात किंवा रफमध्ये अचानक दगा देतो. चेंडू नेहमीपेक्षा उंच उडतो, पण टेकल्यावर थांबत नाही, पुढे धावत सुटतो.

२०१० पासून बनवल्या जाणाऱ्या, २५ अंश किंवा अधिक लॉफ्टच्या क्लबांसाठी यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी खाचांच्या आकारमानावर आणि कडांच्या धारदारपणावर मर्यादा घातली आहे. त्यामुळे आजच्या नामांकित कंपन्यांच्या नव्या वेजमध्ये खाचांवरून फार मोठा फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. लॉफ्ट वाढवत नेला की फिरकी वाढतच जाते असेही नाही. एका मर्यादेनंतर चेंडू फेसवरून वर घसरतो आणि उंची मिळाली तरी फिरकी वाढत नाही. फिरकीच हवी असेल तर युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या आवरणाचा चेंडू वापरणे हा सर्वांत सोपा बदल आहे, आणि वेजची चाचणीही नेहमी आपल्या खेळातल्या चेंडूनेच करावी.

शाफ्ट, वजन, लाय कोन

वेजचा शाफ्ट आयर्नच्या शाफ्टसारखाच किंवा त्याहून किंचित जड असावा. आयर्नमध्ये हलके ग्रॅफाइट आणि वेजमध्ये जाड, जड स्टील अशी जोडी लावली तर हाताची लय मोडते. डोके जड वाटणारा वेज लहान स्विंगमध्ये आपोआप खाली येतो, म्हणून बरेच खेळाडू थोडे शिसे लावून वजन वाढवतात. ते फेरी सुरू होण्याआधी लावावे, फेरीच्या मध्यात क्लबच्या गुणधर्मात असा बदल करणे नियमात बसत नाही. ग्रिपबद्दल एवढेच सांगेन की छोट्या फटक्यांसाठी खाली धरण्याची सवय असेल तर खालच्या टोकाकडे फार निमुळती न होणारी ग्रिप बरी पडते.

लाय कोन मात्र हलक्यात घेऊ नये. क्लब जमिनीवर ठेवल्यावर शाफ्ट ज्या कोनात उभा राहतो तो लाय कोन, आणि जितका लॉफ्ट जास्त तितकी या कोनातली चूक दिशेवर जास्त परिणाम करते. ५६ अंशांच्या वेजमध्ये लाय कोन १ अंशाने चुकला तर फेस सुमारे दीड अंश बाजूला वळतो, आणि ८० यार्डांवर त्याचे जवळजवळ २ यार्ड होतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब टाचेवर बसून टोक वर राहत असेल तर चेंडू डावीकडे जातो, टोकावर बसत असेल तर उजवीकडे. सुरुवातीला सांगितलेल्या खुणा टाचेकडे किंवा टोकाकडे दाटलेल्या असतील तर हेच कारण आधी तपासावे.

फिनिशचा प्रश्न आवडीचा आहे. चकचकीत क्रोम टिकते पण उन्हात डोळ्यांवर येते. मुलामा नसलेले कच्चे स्टील गंजते, झळाळत नाही, आणि गंजामुळे फिरकी वाढते अशी जी समजूत आहे तिच्यावर विसंबून कोणी तो घेऊ नये.

पाचवी पायरी : गवतावरची चाचणी

आतापर्यंतच्या विचारातून दोन किंवा तीन वेज शिल्लक राहायला हवेत. त्याहून जास्त असतील तर निवड अजून झालेली नाही. आता ते मारून पाहायचे, आणि तेही सरावाच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर नाही. मॅटखालची कडक जमीन क्लबला आत शिरू देत नाही. दोन इंच मागे आपटलेला क्लबही वरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि तुम्हाला शाबासकी मिळते. बाउन्समधला फरक मॅटवर कळणे शक्यच नाही.

सराव मैदानावर तीन जागा निवडाव्यात : बारीक कापलेले गवत, घोट्याखाली येणारे रफ आणि बंकर. सुमारे २० यार्डांवर एक टॉवेल पसरावा आणि प्रत्येक जागेवरून प्रत्येक वेजने दहा-दहा चेंडू त्या टॉवेलवर टेकवण्याचा प्रयत्न करावा. एकाच वेजने सगळे चेंडू ओळीने मारू नयेत, कारण पाचव्या-सहाव्या चेंडूपर्यंत हात त्या क्लबला सांभाळून घेऊ लागतो. तीन चेंडूंनंतर वेज बदलत राहावे. दुकानाचे किंवा मित्राचे क्लब असतील तर परवानगी घेऊन सोलवर पुसता येणाऱ्या मार्करने रंग लावावा आणि दर थोड्या फटक्यांनंतर रंग कुठे उडाला ते पाहावे. रंग सोलच्या मध्यावर, फेसच्या मध्याच्या बरोबर खाली उडालेला असेल तर तो सोल तुमच्या हाताशी जुळला. बारीक गवतावर एक सरळ पांढरी रेघ आखून चेंडूशिवाय त्या रेघेवर स्विंग केला, तर क्लब रेघेच्या मागे उतरतो की पुढे, हेही स्वच्छ दिसते.

आवाजाकडे लक्ष द्यावे. जुळलेला वेज गवतावर 'थप्' असा बोथट, छोटा आवाज करतो आणि मनगटाला काही जाणवत नाही. धार आत शिरली की 'खच्' असा आवाज येतो आणि मनगट किंचित अडते. हा फरक कानाला पहिल्या पाच मिनिटांतच कळू लागतो, आणि तो कळला की चेंडू कुठे गेला हे पाहण्याची घाई कमी होते.

निकाल लावताना सर्वोत्तम चेंडू मोजू नयेत. प्रत्येक जागेवरून प्रत्येक वेजने मारलेल्या दहांतले सर्वांत वाईट तीन चेंडू टॉवेलपासून किती दूर पडले ते पावलांनी मोजावे, आणि ज्याचे वाईट फटके कमी वाईट, तो वेज घ्यावा. उत्तम बसलेला फटका कोणत्याही वेजने उत्तमच जातो. क्लबचा खरा स्वभाव आपण चुकतो तेव्हा दिसतो. ही पद्धत लावल्यावर अनेकांचा कौल त्यांनी मनात धरलेल्या क्लबऐवजी दोन-चार अंश जास्त बाउन्सच्या, जरा रुंद सोलच्या वेजकडे झुकतो. तो दिसायला तेवढा नाजूक नसतो, त्यामुळे थोडी निराशाही होते.

शक्य असेल तर निवडलेला वेज ओल्या सकाळी आणि कोरड्या दुपारी असा दोनदा मारून पाहावा. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळताना, नुकत्याच संपवलेल्या होलच्या ग्रीनवर किंवा त्याच्याजवळ सरावाचा चिप मारायला नियम परवानगी देतो, मात्र बंकरमधून नाही, खेळ रेंगाळेल इतका वेळ नाही, आणि स्पर्धेच्या समितीने स्थानिक नियमाने मनाई केली नसेल तरच. मैदान मोकळे असेल तेव्हा खरी जमीन अजमावण्याची ही चांगली संधी असते.

सहावी पायरी : त्याच्याशी ओळख वाढवणे

वेज घेतल्यावर पहिले दोन महिने ग्रीनच्या आसपासचे शक्य तितके फटके त्याच एका क्लबने मारावेत, अगदी पिचिंग वेजने सोपा पडेल असा चिपसुद्धा. चेंडू किती उडतो आणि किती धावतो याचे प्रमाण डोळ्यांत बसायला हवे. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर पिचिंग वेजचा साधा चिप एक भाग उडून साधारण दोन भाग धावतो, ५६ अंशांच्या वेजचा चिप जवळपास जितका उडतो तितकाच धावतो, आणि ६० अंशांचा उडतो जास्त, धावतो कमी. हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या हाताचे, तुमच्या चेंडूचे प्रमाण वेगळे निघेल, आणि तेच पाठ करायचे. मग चेंडू स्टान्समध्ये, म्हणजे उभे राहण्याच्या पवित्र्यात, एक बोट मागे घेतला, किंवा फेस थोडा उघडला, तर ते प्रमाण कसे बदलते हे पाहावे. एका वेजने तीन उंचीचे चिप निर्धास्त मारता येऊ लागले की ओळख पटली असे समजावे.

बंकरमध्ये मात्र हातांची एक सवय बदलावी लागते. चिपला पुढे दाबलेले हात वाळूतही तसेच राहिले तर बाउन्स नाहीसा होतो आणि क्लब खोल जातो. तिथे शाफ्ट जवळजवळ सरळ, फेस आधी उघडून मग ग्रिप धरलेली, आणि सोलची मागची बाजू वाळूवर आपटू द्यायची. चेंडू वाळूत अर्धा पुरला गेला असेल तर हे सगळे उलटे करून फेस चौकोनी ठेवावा, कारण तिथे धार आत शिरणेच हवे असते.

खाचा प्रत्येक फटक्यानंतर ओल्या कापडाने पुसाव्यात आणि फेरीनंतर मऊ ब्रशने साफ कराव्यात. खाचा पुन्हा धारदार करून देणारी छोटी हत्यारे मिळतात, ती वापरू नयेत. कड किंवा रुंदी जरा जास्त कोरली गेली तरी क्लब नियमबाह्य ठरू शकतो. वेजला सर्वांत लवकर झिजवते ती वाळू. नख खाचेच्या कडेवरून आडवे ओढून पाहावे : नवीन असताना ते अडत असे आणि आता गुळगुळीत ओलांडून जात असेल, दवातल्या गवतातून चेंडू पूर्वीसारखा थांबत नसेल, तर बदलण्याची वेळ आली आहे. नवा घेताना लॉफ्ट, बाउन्स, सोलची रुंदी आणि शाफ्ट जसेच्या तसे घ्यावेत, आणि जुना वेज टाकून न देता बंकरच्या सरावाला ठेवावा. दोघांचे माप एकच असल्यामुळे सरावात हाताला लागलेली सवय खेळताना बदलावी लागत नाही, आणि नव्या वेजच्या खाचा वाळूपासून वाचतात.